सहीच्या आधी

2025 च्या फेब्रुवारीतली संध्याकाळ. मी ओट्यावर तूर निवडत बसले होते. मागच्या गल्लीतले एक भाऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आले. त्यांचा मुलगा अग्निवीर भरतीत निघाला होता. लेखी झाली, धावणं झालं, मेडिकल झालं. पोराला अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी होते, त्यामुळे कागदावर पालकाची सही हवी होती. मी अठ्ठावीस वर्षं तिवस्यात इतिहास शिकवला, त्यामुळे गावातले निम्मे कागद आधी माझ्या ओट्यावर येतात आणि मग कचेरीत जातात.

"मॅडम, सही कोठी करू?"

मी बोट ठेवलं. भाऊ सही म्हणून पूर्ण नाव लिहितात, सावकाश, एकेका अक्षराला वेळ देऊन. आडनावातल्या जोडाक्षरापाशी हात थांबला, मग पुढं गेला. पेनाचं टोपण लावता लावता त्यांनी विचारलं, "मॅडम, लढाई-गिढाई त नाई होत न आता?"

मी म्हटलं, "नाही हो भाऊ. आता कुठं होतात लढाया!"

तीन महिन्यांनी, 7 मेच्या रात्री भाऊ पुन्हा ओट्यावर येऊन बसले. घराघरात टीव्ही सुरू होते. पहलगामनंतरची कारवाई सुरू झाली होती. त्यांचा मुलगा तेव्हा प्रशिक्षणात होता, सीमेपासून पुष्कळ दूर. हे मी त्यांना सांगितलं, त्यांना ते ठाऊकही होतं. तरी तासभर बसले. उठताना एवढंच म्हणाले, "तुमी त म्हनलं होतं, होत नाई म्हून."

आई-बाबांनो, आज तुमच्याशी बोलायला बसले आहे ती त्या वाक्यामुळे. त्या बापानं मला खरा प्रश्न विचारला होता आणि मी त्याला थोपटून घरी पाठवलं होतं. आपण सगळे आपल्या पोरांशी असंच करतो. एकतर थोपटतो, नाहीतर छाती फुगवायला लावतो. लढाई म्हणजे काय, हे घरात बसून त्यांच्याशी कुणीच बोलत नाही. मग ते काम मोबाईल करतो.

त्या चार दिवसांत माझ्या मुलाच्या मोबाईलवर मी जे पाहिलं ते तुमच्याही घरात आलं असेल. वीस सेकंदांचा व्हिडिओ, त्याला ठेक्याचं गाणं, आगीचा लोळ, पुढचा व्हिडिओ. माझा मुलगा तेव्हा अठरा पूर्ण झालेला. 10 मेला शस्त्रसंधी झाली आणि संध्याकाळी तो दोन मित्रांबरोबर अंगणात उभा राहून म्हणाला, "एवढ्यातच संपलं?" त्या आवाजात सामना लवकर आटोपल्याची हळहळ होती. हा पोरगा वाईट नाही. गल्लीतलं कुत्रं गाडीखाली आलं तेव्हा दोन दिवस धड जेवला नव्हता. तो असं कसं बोलला, याचा मी फार विचार केला, आणि मला वाटलं की त्याला लढाई कुणी दाखवलीच नाही. त्यानं आतषबाजी पाहिली आहे.

म्हणून आठवडाभरानं मी तिघांना घरी बसवलं आणि एक जर्मन सिनेमा लावला. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट', 2022 चा, एडवर्ड बर्गर या दिग्दर्शकाचा. त्याला चार ऑस्कर मिळाली. मूळ कादंबरी एरिक मारिया रेमार्कची, 1929 सालची. रेमार्क स्वतः पहिल्या महायुद्धात लढायला गेला होता आणि 1917 मध्ये जखमी झाला होता. भाषा जर्मन, खाली ओळी इंग्रजी. अधूनमधून थांबवून मी मराठीत सांगत होते. पुढं पुढं थांबवायची गरज राहिली नाही.

गोष्ट साधी आहे. पाऊल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर फौजेत जायला निघतो. वय कमी म्हणून घरच्यांची संमती लागते. घरचे तयार नाहीत. मग तो कागदावर सही स्वतःच ठोकतो. हे दृश्य आलं आणि मी तिघांकडं न बघता समोर बघत राहिले, कारण मला भाऊंचा जोडाक्षरापाशी थांबलेला हात दिसत होता. पाऊलच्या बापाला तो क्षण मिळालाच नाही. आपल्याला मिळतो. आपल्याकडं पोरगा कागद घेऊन येतो, पेन देतो, वाट बघतो. त्या दोन मिनिटांत आपण त्याच्याशी काय बोलतो?

पुढचं दृश्य मला जास्त लागलं. शाळेत एक मास्तर भाषण ठोकतो, देश, पराक्रम, पोलादी तरुणाई असलं सगळं, आणि पोरं चेकाळून ओरडतात. त्या मास्तरला पुढं काहीच होत नाही. तो आघाडीवर येत नाही. मी 'मी सैनिक झालो तर' हा निबंध किती वर्षं लिहून घेतला असेल! ज्या पोरानं जास्त शत्रू मारले त्याच्या वहीवर मी 'छान' लिहिलं. एका मुलानं एकदा लिहिलं होतं की मी सैनिक झालो तर मला आईची आठवण येईल आणि मी रात्री रडेन. त्याला मी दहापैकी चार गुण दिले. विषय सोडून लिहिलं, असा शेरा मारला. तोच एकटा विषयाला धरून होता, हे मला आता कळतं. तो मुलगा कुठं आहे ते शोधून मला त्याला सांगायचं आहे.

आता त्या सिनेमातली एक गोष्ट जरा जवळून सांगते, कारण सगळा सिनेमा तिच्यात आहे. सुरुवातीला हाइनरिख नावाचा एक सैनिक खंदकातून वर चढतो, धावतो आणि मरतो. त्याचं नाव नीट कानावर पडायच्या आत तो संपलेला असतो. मग मेलेल्यांच्या अंगावरचे कपडे उतरवले जातात. त्यांचे गठ्ठे बांधतात. मोठ्या टाक्यांत ते कपडे धुतात, तेव्हा पाणी लाल होतं. मग एका लांबलचक दालनात बायका शिलाई मशीनवर ओळीनं बसलेल्या दिसतात, भोकं बुजवत. मशीनचा आवाज बंदुकीसारखा येतो. माझ्या आईनं आयुष्यभर मशीन चालवलं, त्यामुळे तो आवाज माझ्या ओळखीचा आहे, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो मला नकोसा झाला. ते दुरुस्त केलेले गणवेश नव्या पोरांना वाटतात. पाऊलला जो मिळतो त्याच्या कॉलरच्या आत नावाची चिठ्ठी शिवलेली असते, हाइनरिख. पाऊल बिचारा भाबडेपणानं परत जाऊन सांगतो, हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. टेबलामागचा माणूस म्हणतो, त्याला लहान झाला असेल, होतं असं. चिठ्ठी टरकन फाडतो, खाली टाकतो आणि गणवेश परत देतो.

माझा मुलगा तिथं म्हणाला, "आई, थांबव." मी थांबवलं. तो काही बोलला नाही. पाणी पिऊन आला आणि म्हणाला, "लाव."

यावर तुमच्यापैकी कुणी म्हणेल, जर्मनीची ती गोष्ट, आपला काय संबंध? मलाही आधी तसंच वाटायचं. पहिलं महायुद्ध मी 'कारणं आणि परिणाम' असं शिकवलं, पाच गुणांचा प्रश्न. त्यात माणूस नव्हता, आणि मराठी माणूस तर नव्हताच. सिनेमा पाहिल्यावर मी पुन्हा वाचायला बसले. त्या युद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं समुद्रापार गेली होती. त्यांतल्या चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परत आली नाहीत. आजच्या इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या एका वळणावर कुत नावाचं गाव आहे. तिथं जी इंग्रजी फौज अडकली तिचं नावच पुणे डिव्हिजन होतं. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. 7 डिसेंबर 1915 ला तुर्कांचा वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला सेनापती टाउनशेंडनं शरणागती पत्करली. जवळजवळ पाच महिने. खायचं संपलं तेव्हा घोडे मारले. आपल्या कितीतरी माणसांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस शिवलं नाही. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगातलं बळ गेलं. शरण आले ते सुमारे तेरा हजार जण. टाउनशेंडला तुर्कांनी बेटावरच्या एका घरात आरामात ठेवलं. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं. हजारो त्या वाटेवर आणि पुढं छावण्यांत गेले.

अठ्ठावीस वर्षांत कुतचं नाव माझ्या तोंडी एकदाही आलं नाही.

आणि आता ती फाडलेली चिठ्ठी आठवा. त्या आघाडीवर जे मेले आणि ज्यांची कबर सापडत नाही, त्यांच्यासाठी इंग्रजांनी बसऱ्याला मोठं स्मारक बांधलं. चाळीस हजारांवर माणसांचं ते स्मारक. गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर कोरलं. हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. साध्या हिंदी शिपायाचं मात्र नाव नाही. पलटणीचं नाव आणि पुढं आकडा, इतके शिपाई. ज्या संस्थेकडं या स्मारकांची व्यवस्था आहे तिनं 2021 मध्ये या भेदाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी. कोकणात, साताऱ्याकडं काही गावांत इंग्रजांनी बसवलेल्या पाट्या आहेत. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढंच त्यांवर इंग्रजीत लिहिलेलं. तिथंही आकडाच. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. सेहेचाळीस म्हणजे आपल्या शाळेतला एक वर्ग. हजेरीत मी एवढीच नावं पुकारत असे.

आपल्या वऱ्हाडातून तेव्हा फार माणसं गेली नाहीत. आपलं नातं युद्धाशी वेगळ्या वाटेनं जुळलेलं आहे. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आपल्या अमरावती-खामगावच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तिकडची लढाई संपली आणि भाव कोसळला. तिकडं पोरं मरत होती म्हणून इथं वाडे उठले, हे त्या वेळच्या शेतकऱ्याला कुठून कळणार? आपल्यालाही आज बऱ्याच गोष्टी कळत नाहीत.

आज मात्र आपली पोरं जातात, आणि का जातात हे आपण एकमेकांपाशी तरी खरं बोलू. पहाटे साडेचारला नागपूर-अमरावती हायवेच्या कडेनं पळणारी ही पोरं तुम्ही पाहता. पायात सेलमधले बूट, एकाच्या हातात मोबाईलवरचं घड्याळ. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, मग दहा बीम, मग नऊ फुटांचा खड्डा. त्यांच्या मनात देश आहे, ते खोटं नाही. पण घरी चार एकर सोयाबीन आहे हेही आहे. 2024 ला हमीभाव 4,892 जाहीर झाला आणि बाजारात माल त्याहून कितीतरी खाली गेला, हे त्या पोरानं बापाबरोबर अडत्याच्या ओट्यावर उभं राहून पाहिलं आहे. फौजेत पहिल्या वर्षी तीस हजार पगार, हातात एकवीस हजार. चार वर्षांनी सेवानिधीचे पावणेबारा लाखांच्या आसपास. चारांतला एक पुढं कायम होतो, तिघं घरी येतात. हे आकडे आपल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. त्याच करारात आणखी एक आकडा आहे, अठ्ठेचाळीस लाखांचा विमा. तो कशासाठी आहे, हे घरात कुणी उच्चारत नाही.

मी हे कुणाला अडवण्यासाठी सांगत नाही. माझ्या मुलानं उद्या कागद आणला तर मीही सही करीन. पण त्या कागदाआधी त्याच्याशी अडीच तास बसायला मिळाले याचं मला समाधान राहील.

सिनेमाकडं परत येते. त्यात कॅट नावाचा थोराड सैनिक आहे, धंद्यानं चांभार. त्याला लिहिता-वाचता येत नाही. बायकोचं पत्र येतं तेव्हा ते त्याला पाऊल वाचून दाखवतो. त्या घरातला लहान मुलगा देवीच्या आजारानं गेलेला आहे. कॅट ऐकत राहतो. आपल्या गावात पन्नास वर्षांपूर्वी पोस्टमन हेच करायचा, पत्र आणायचा आणि ओट्यावर बसून वाचूनही दाखवायचा. हेच दोघं उपाशी असतात तेव्हा शेतकऱ्याच्या गोठ्यातून हंस चोरतात आणि सगळे मिळून खातात. त्या एका जेवणाइतकं सुख त्यांना अख्ख्या सिनेमात मिळत नाही. पुढं पुन्हा चोरीला जातात आणि शेतकऱ्याचा लहानसा पोरगा कॅटला गोळी घालतो. लढाई संपायला काही तास राहिलेले असतात. ज्याला तोफा मारू शकल्या नाहीत त्याला एक शाळकरी पोर मारतं. त्या पोराच्या चेहऱ्याकडं नीट बघा. लढाई त्याच्यापर्यंतही पोचली आहे.

आणि तो खड्डा. पाऊल तोफेच्या गोळ्यानं झालेल्या खड्ड्यात पडतो, वरून एक फ्रेंच सैनिक येतो आणि पाऊल त्याला सुऱ्यानं भोसकतो. माणूस लगेच मरत नाही. घरघर चालू राहते. आधी पाऊल त्याच्या तोंडात माती कोंबतो, आवाज बंद व्हावा म्हणून. मग तोच पाऊल त्याला पाणी पाजायला लागतो, जखम दाबायला लागतो, माफी मागायला लागतो. खिशातलं पाकीट उघडतो तर बायकोचा आणि लहान मुलीचा फोटो. कादंबरीत रेमार्कनं त्या माणसाचा धंदाही सांगितला आहे. तो छापखान्यात खिळे जुळवायचा. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा माझ्या मुलाचा मित्र, ज्याच्या वडिलांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, तो मान खाली घालून बसला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. मास्तरकी करण्याचा मोह फार होतो अशा वेळी. आवरा.

शेवट असा आहे. 11 नोव्हेंबर 1918, सकाळी अकराला तोफा थांबायच्या, असं ठरलेलं आहे, कागदावर सह्या झाल्या आहेत. एका सेनापतीला पराभव घेऊन घरी जायचं नाही. तो पावणेअकराला शेवटचा हल्ला करायला लावतो. पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत पाऊल जातो. मग अकरा वाजतात आणि सगळं शांत होतं.

त्या शांततेपाशी मला आपली मोझरी आठवली. तुम्हालाही आठवेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं जागच्या जागी उभी राहतात. कडेवरचं मूल सोडलं तर कुणाचा आवाज नसतो. तिवसा तालुक्यातल्या माणसाला शांतता म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, आपण ती अंगावर घेतलेली आहे.

त्याच महाराजांबद्दल एक गोष्ट मला तुमच्यासमोर ठेवायची आहे. 1955 मध्ये ते जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला गेले. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा दहाच वर्षं झाली होती. त्या देशात मोझरीचा हा माणूस खंजिरी घेऊन शांतीबद्दल बोलायला उभा राहिला. आणि 1962 ला चीननं हल्ला केला तेव्हा हाच माणूस सीमेवर जवानांना भेटायला गेला. 1965 लाही गेला. माझ्या सासऱ्यांच्या पिढीला यात काही विसंगत वाटलं नाही. जवानावर माया करायची आणि लढाई नको म्हणायचं, हे एकाच तोंडानं बोलता येतं, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या पिढीत कुठंतरी ते तुटलं. आज लढाई नको म्हटलं की लोक विचारतात, तुम्ही जवानांच्या बाजूचे नाही का? मला वाटतं, जवानाच्या बाजूनं उभं राहायचं तर आधी त्याला नेमकं काय सोसावं लागतं ते डोळे उघडे ठेवून बघितलं पाहिजे.

परवा एक वडील मला म्हणाले, "मॅडम, असे शिनेमे दाखवून पोट्ट्यायचं मन कच्चं कराल तुमी." मी त्यांचं म्हणणं झटकून टाकत नाही. बापाच्या काळजीतूनच ते आलं. पण त्यांना मी एक जुनी हकीकत सांगितली. याच कादंबरीवर पहिला सिनेमा 1930 ला अमेरिकेत निघाला, लुईस माइलस्टोनचा. डिसेंबरमध्ये तो बर्लिनला लागला तेव्हा नाझी पुढारी गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, घाण वासाचे बॉम्ब फोडले आणि सिनेमा बंद पाडला. त्यांचंही म्हणणं हेच होतं, पोरांचं मन कच्चं होईल. काही दिवसांत सिनेमावर बंदी आली. 1933 ला सत्ता हातात आल्यावर त्यांनी पुस्तक जाळलं. पुढं रेमार्कच्या धाकट्या बहिणीला, लढाई आता हरल्यातच जमा आहे असं बोलल्याच्या आरोपावरून 1943 मध्ये मारलं. ज्यांची मनं 'कच्ची' होऊ दिली नाहीत, ती सगळी पोरं तोवर दुसऱ्या महायुद्धात गेली होती. वडील ऐकत होते. मग म्हणाले, "मले दाखवान का एकडाव?"

दाखवणार आहे. तुम्हीही बघा, आणि आधी तुम्ही एकटे बघा. हा सिनेमा लहानांसाठी नाही. हाणामारी खरी वाटावी अशीच घेतली आहे, अंगावर येते. अठरा पूर्ण झालेल्या मुलाबरोबर बघा. सातवी-आठवीतल्या पोराला 'हकीकत' दाखवा. चेतन आनंदचा, 1964 चा, काळा-पांढरा. 1962 ला लडाखमध्ये अडकलेल्या तुकडीची गोष्ट. त्यात जिंकल्याचा जल्लोष नाही. बर्फात मागं फिरणारी दमलेली माणसं आहेत आणि त्यांना घराची आठवण येते. धर्मेंद्र आहे, बलराज साहनी आहेत, आजोबाही शेजारी येऊन बसतील. बघताना सगळ्यांचे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. मधे कुणी उठून गेलं तर जाऊ द्या, हाक मारू नका. संपल्यावर 'काय शिकलास' असं विचारू नका, ते मी फार वर्षं विचारलं. जेवायला वाढा. बोलायचं असेल ते त्या ताटावर निघतं. माझ्या मुलानं दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता विचारलं, "आई, त्या फ्रेंच माणसाच्या मुलीला कोणी सांगितलं असेल?" मला उत्तर आलं नाही. मी या वेळी खोटंही बोलले नाही. म्हटलं, मला माहीत नाही रे.

आणि एक. घरात पोरगा भरतीची तयारी करत असेल आणि हे पाहून त्याचा पाय मागं आला, तर त्याला भित्रा म्हणू नका. तुमच्या तोंडून तो शब्द गेला तर तो उद्या तुमच्यावरच्या रागानं जाईल. आणि पाहूनही त्याला जायचं असेल, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. असा मुलगा सगळं जाणून चालला आहे. मागच्या गल्लीतल्या त्या पोराला मी हे दाखवू शकले नाही, याची बोच मला आहे.

तो दिवाळीनंतर पहिल्यांदा सुट्टीवर आला. मी भेटायला गेले. वाळला होता, रापला होता, खांदे रुंद झाले होते. माझ्या पाया पडला आणि लगेच बाजूला सरून उभा राहिला, आधी असा उभा राहायचा नाही. भाऊ खाटेवर बसून त्याच्याकडं बघत होते, बोलत काही नव्हते. अंगणातल्या दोरीवर त्याचा गणवेश वाळत होता, बाह्या खाली लोंबत, पाणी ठिबकत. मायनं स्वतः हातानं धुतला होता, मशीनमध्ये टाकू दिला नव्हता. मी सहज त्याच्या छातीपाशी पाहिलं. नावाची पट्टी नव्हती. मला एकदम कसंसं झालं.

"याची नावाची पट्टी कुठं आहे हो?" मी विचारलं.

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. हात पिठाचे होते म्हणून तिनं हनुवटीनंच स्वतःच्या खांद्याकडं खूण केली. पदराच्या काठाला, पिनेनं नीट टोचून, तिनं ती लावून ठेवली होती.

"पान्यात हरपली असती म्हून," ती म्हणाली.